वीर आणि वृक : वऱ्हाडातील रूपांतरकथांची एक वाट

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये एक वाचकवर्ग आहे, ज्याची दखल आपल्या अभ्यासमंडळांनी अद्याप घेतलेली नाही. हा वर्ग मोबाइलच्या पडद्यावर वेअरवुल्फ प्रेमकथा वाचतो. पौर्णिमेला लांडगा होणारा नायक, त्याचा कळप, कळपाचा म्होरक्या, आणि केवळ गंधावरून ओळखू येणारी, जन्मापूर्वीच ठरलेली सहचरी, असा या कथांचा ठरलेला ऐवज असतो. त्या इंग्रजीत असतात, भाषांतरित असतात, आणि आता क्रमशः लिहिल्या जाणाऱ्या मराठीतही असतात. हा वाचक जेव्हा ‘यापुढे काय वाचू?’ असे विचारतो, तेव्हा त्याला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणजे आणखी काही परदेशी नावे. दुसरे म्हणजे शिक्षकांच्या खोलीतले मंद स्मित.

या प्रश्नाला तिसरे उत्तर आहे आणि ते वऱ्हाडातच आहे, असे आम्हांस वाटते. माणूस आणि पशू यांच्या सीमेवर घडणाऱ्या प्रेमकथांची एक जुनी वाट कुंडिनपूर, रिद्धपूर, चिखलदरा आणि मेळघाट यांवरून जाते. ती पाश्चात्त्य वेअरवुल्फ-कथेची नक्कल नाही, तशी तिची पूर्वज असल्याचा दावाही आम्ही करीत नाही. मात्र या वाटेवरच्या कथा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : ज्याचे रूप बदलले आहे, त्या आपल्या माणसाला ओळखायचे कसे? आणि ओळखता आले नाही, तर त्याची किंमत कोणी मोजायची? मोबाइलवरील कथांमध्ये हा प्रश्न फार लवकर सुटतो. ज्यांनी तो सहजी सुटू दिला नाही, त्या लेखकांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. शब्दापासून प्रारंभ

‘वेअरवुल्फ’ हा शब्द आपल्या कानाला परका वाटतो, पण त्याची दोन्ही अंगे आपल्या नात्यातली आहेत. जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष. संस्कृतातील ‘वीर’ हा त्याचा भाषिक भाऊबंद. ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ हेही एकाच मूळ धातूकडे जाणारे शब्द. म्हणजे अक्षरशः पाहिले तर वेअरवुल्फ हा ‘वीरवृक’ होय. आणि वीर व वृक एकत्र आले की मराठी वाचकाला एकच नाव आठवते : वृकोदर. भीमाच्या या नावाचा अर्थ लांडग्यासारखे उदर असलेला, असा सांगितला जातो. वृक नावाचा अग्नी ज्याच्या पोटात आहे तो, असाही दुसरा अर्थ दिला जातो. कोणताही घेतला, तरी न शमणारी भूक हा त्याचा गाभा राहतो.

या वृकोदराची एक कथा वऱ्हाडाने आपल्या भूगोलात बसवून घेतली आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरा, आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले, ही लोकव्युत्पत्ती अमरावती जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. तेथील भीमकुंडात भीमाने हात धुतले, असेही सांगतात. विराटाची नगरी कोठे होती याचा निर्णय अशा कथेवरून होत नाही. पण सातपुड्याच्या या कड्यावर उभे राहून पर्यटक ज्याचे नाव घेतात, तो पुरुष ‘लांडग्याच्या पोटाचा’ आहे, आणि तो तेथे पत्नीच्या अपमानाचा सूड घेत आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच वृकोदराची खरी रूपांतर-प्रेमकथा मात्र आदिपर्वात आहे. हिडिंबा ही कामरूपिणी, हवे ते रूप घेणारी राक्षसी. भावाने तिला माणसे मारून आणायला धाडलेले असते. ती भीमाला पाहते, मानवी रूप घेते आणि भक्ष्याच्याच प्रेमात पडते. पुढे भीमाला तिच्याबरोबर जाण्याची संमती मिळते ती एका अटीवर : दिवस तिचे, पण रात्री तिने त्याला भावंडांकडे परत आणून सोडायचे. आधुनिक वेअरवुल्फ-कथेत रात्र रूपांतराची असते. येथे रात्र कुटुंबाची आहे आणि दिवस वनातल्या प्रीतीचा. हा करार कोणी केला, कोणाच्या सोयीने केला, आणि पुत्र झाल्यावर हिडिंबेच्या वाट्याला काय आले, हे प्रश्न वर्गात विचारण्यासारखे आहेत. ‘महाभारत’ हे नाव म्हणूनच आमच्या यादीत प्रथम आहे. पूज्य ग्रंथ म्हणून त्याला वरचे स्थान देण्याचा येथे संबंध नाही.

२. कुंडिनपूरच्या दोन कन्या

अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात कौंडिण्यपूर आहे. परंपरेने हेच विदर्भराजाचे कुंडिनपूर. या एका गावाच्या नावावर भारतीय वाङ्मयातील दोन मोठ्या प्रेमकथा जमा आहेत.

पहिली रुक्मिणीची. भागवताच्या दशम स्कंधात तिने कृष्णाला धाडलेले पत्र ही आपल्याकडची प्रसिद्ध प्रेमपत्रिका. कीर्तनातून, आख्यानांतून ती आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातील एक प्रतिमा कानावरून निघून जाते. रुक्मिणी कृष्णाला सांगते की, मी सिंहाचा वाटा आहे. त्याला कोल्ह्याचा स्पर्श होऊ देऊ नकोस. पुढे हरणाच्या प्रसंगीही भागवतकार तीच उपमा वापरतात : कोल्ह्यांच्या मधून सिंह आपला भाग उचलून नेतो, तसा कृष्ण तिला नेतो. राजवाड्यातली सुशिक्षित मुलगी आपल्या प्रियकराला पशू म्हणते, स्वतःला त्याचे भक्ष्य म्हणते, आणि त्याच पत्रात आपण नगराबाहेरील अंबिकेच्या देवळात केव्हा येऊ, तेथून आपल्याला कसे न्यावे, याची काटेकोर योजनाही कळवते. अमरावतीची अंबादेवी ती हीच, अशी स्थानिक श्रद्धा आहे. ‘नेली जाणारी’ स्त्री येथे नेण्याची वेळ आणि जागा स्वतः ठरवते. आजच्या लांडगा-नायकांच्या कथांत हरण हा नायकाचा पराक्रम असतो. येथे बेत तिचा आहे, पराक्रम त्याच्याकडे फक्त सोपवलेला आहे.

ही कथा मराठीत आली ती वऱ्हाडातल्या पंथाच्या हातून. महानुभावांची महदंबा, जिला आपण आद्य मराठी कवयित्री मानतो, तिचे ‘धवळे’ रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नखेळाच्या निमित्ताने जन्मले, आणि त्यांचा विषय रुक्मिणीचे लग्न हाच आहे. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ही त्याच पंथाच्या वाङ्मयातले. प्रेमकथेचा वाचक हा हलका वाचक, असे ज्यांना वाटते त्यांनी मराठी कवितेच्या आरंभाशी कोणती कथा उभी आहे, ते एकदा पाहावे.

दुसरी कन्या दमयंती, आणि आमच्या मते या साऱ्या लेखाचा भार तिच्यावर आहे.

वनपर्वातील नलोपाख्यान आपण शाळेपासून ओळखतो, पण ते रूपांतरकथा म्हणून क्वचित वाचतो. नळाच्या शरीरात कली शिरतो. तो द्यूतात राज्य हरतो, वनात जातो, आणि एका रात्री झोपलेल्या पत्नीच्या अंगावरचे अर्धे वस्त्र कापून घेऊन निघून जातो. पुढे वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला तो वाचवतो. नाग त्याला दंश करतो, आणि नळ कुरूप, आखूड बाहूंचा ‘बाहुक’ होतो. नाग त्याला वस्त्रांची एक जोडी देतो : मूळ रूप हवे असेल तेव्हा ही परिधान कर. तिकडे दमयंती अरण्यात एकटी हिंडते. अजगराच्या विळख्यातून सोडवणारा व्याध तिचा अभिलाष धरतो, तेव्हा ती त्याला शापाने मारते. समोर आलेल्या वाघाला मात्र ती अरण्याचा राजा म्हणून संबोधते आणि त्याला नळाचा ठाव विचारते. ठाऊक नसेल तर मला खाऊन टाक, म्हणते. माणसापेक्षा वाघाशी बोलणे तिला सोपे जाते, ही नोंद व्यासांची आहे.

परंतु कथेचा कळस पुढे, कुंडिनपुरात आहे. माहेरी परतलेली दमयंती शोध लावते, आणि तो शोध पद्धतशीर आहे. ती ब्राह्मणांना गावोगाव पाठवते, त्यांच्या तोंडी एक प्रश्न देते आणि कोण अस्वस्थ होऊन उत्तर देतो ते पाहायला सांगते. अयोध्येच्या ऋतुपर्णाकडील बाहुक नावाच्या सारथ्याने उत्तर दिल्याचे कळताच ती दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता अशा बेताने पाठवते की, एका दिवसात कुंडिनपूर गाठू शकेल असा सारथी एकच असावा. रथ येतो तेव्हा तिला त्याचा घोष ओळखीचा वाटतो. मग ती केशिनी या दासीकरवी बाहुकाचे निरीक्षण करवते, त्याने शिजवलेले मांस मागवून चाखते आणि त्या चवीत तिला नळ सापडतो. शेवटी ती दोन्ही मुलांना त्याच्याकडे पाठवते. तो त्यांना कवटाळून रडतो.

आवाज, चव, आणि पोरांना घेणारे हात. ओळखीच्या या साऱ्या खुणा दृष्टीच्या अलीकडच्या आहेत. ज्या इंद्रियांना आपण पशूची म्हणतो त्यांनी ती ओळखते. तरीही तिची ओळख आपोआप झालेली नाही. ती अंदाज बांधते, कसोट्या लावते, पुरावे जमवते. वेअरवुल्फ-कथेत सहचरीचा गंध येतो आणि नियती बाकीचे काम करते. दमयंतीच्या मदतीला नियती नाही. शिवाय ती त्याला बोलावते, त्याने तिला टाकल्याचा जाब विचारते, ते सर्व बाहुकाच्या कुरूप देहासमोर. कर्कोटकाचे वस्त्र त्यानंतर येते. नळ परत सुंदर झाला म्हणून तिने त्याला स्वीकारले, असे व्यास म्हणू देत नाहीत. येथे लांडगा कोठे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. लांडगा नाही, हे खरे. पण अंगात शिरलेले पाप, दंशाने बदललेला देह, रूप परत देणारे वस्त्र आणि त्या देहातला माणूस ओळखणारी स्त्री, हे या प्रकाराचे सारे अवयव येथे हजर आहेत.

मराठी परंपरेने या कथेचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाचे ‘नैषधीयचरित’ विवाह आणि त्यानंतरच्या सुखापाशी थांबते. त्याच वळणावर असलेले रघुनाथ पंडितांचे ‘दमयंतीस्वयंवर’ आपल्या पाठ्यपुस्तकांत रुळले, आणि त्यातला हंस पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाला. परिणाम असा की, अनेक विद्यार्थ्यांना नळ म्हटले की हंस आठवतो. बाहुक आठवत नाही. कथेतील प्रेमाचा सुंदर पूर्वार्ध आपण ठेवला आणि कुरूप उत्तरार्ध कीर्तनकारांवर सोडला. ज्यांना वेअरवुल्फ-कथा आवडतात त्यांनी तो उत्तरार्ध आधी वाचावा.

३. रिद्धपूरची परकाया

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आले, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही तेथे आहे. या आद्य गद्यग्रंथाच्या एकांकात चक्रधरांच्या देहाची जी कथा येते, ती परकायाप्रवेशाची आहे. द्वारावतीच्या चांगदेव राउळांकडे कामाख्या नावाची योगिनी रतीची मागणी घेऊन येते. ते देहच सोडतात. त्याच वेळी भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव मरण पावलेला असतो. त्याच्या प्रेतात ते प्रवेश करतात. स्मशानात नेलेला मुलगा उठून घरी येतो. घरात त्याची पत्नी कमळाइसा आहे.

भाविकासाठी ही अवताराची लीळा आहे आणि तिच्या श्रद्धेला येथे हात लावण्याचे कारण नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मात्र दमयंतीनंतर हे पान वाचताना एक गोष्ट जाणवते. दमयंतीच्या कथेत देह परका आणि आत आपला माणूस. कमळाइसेच्या घरात देह आपला आणि आत दुसरे कोणी. द्यूतातले देणे फेडायला तो तिचे दागिने मागतो, ती देत नाही, आणि या प्रसंगापासून त्याचे मन संसारातून निघते, असे ग्रंथ सांगतो. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त काढून तो बाहेर पडतो आणि रिद्धपुरात गोविंदप्रभूंना भेटतो. म्हाइंभटांची दृष्टी जाणाऱ्याच्या पाठोपाठ जाते, हे त्यांच्या ग्रंथाच्या हेतूला धरूनच आहे. मागे राहिलेल्या स्त्रीला काय कळले होते, हा प्रश्न कोणा कादंबरीकाराने अजून घ्यायचा आहे.

याच ग्रंथात शिकाऱ्यांपुढे धावणारा ससा येऊन चक्रधरांच्या मांडीखाली दडतो. पशू-माणूस यांच्यातली भिंत महानुभाव गद्यात पातळ आहे. ते पातळपण अहिंसेतून आलेले आहे. रक्ताच्या ओढीतून आलेल्या वेअरवुल्फ-कथेशेजारी ठेवून ते वाचले की दोन्हींचे स्वरूप उजळते.

४. सातपुड्याची दोन्ही अंगे

मेळघाटात आलो की पशू हा अलंकार राहत नाही. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते, आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचा किल्ला व अरण्य आज त्याच प्रकल्पाचा भाग आहे. येथील कोरकूंची भाषा मुंडा कुळातली, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची. वाघाला ते ‘कुला’ म्हणतात. दूर पूर्वेकडच्या मुंडा भाषांतही वाघाचे नाव याच मुळाचे आहे.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा नोंदलेली आहे. रावणाला सातपुडा निर्मनुष्य दिसतो आणि तो महादेवाला तेथे वस्ती करायला विनवतो. महादेव कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला पाठवतो आणि त्या मातीच्या स्त्री-पुरुषांच्या दोन मूर्ती घडवतो. इंद्राचे अग्निमय घोडे येऊन त्या तुडवून टाकतात. पुन्हा घडवाव्या, पुन्हा तुडवल्या जाव्या, असे चालते. तेव्हा महादेव आधी एक कुत्रा करतो आणि त्याच्यात प्राण फुंकतो. कुत्रा घोड्यांना अडवून धरतो, तेव्हा कोठे मुला आणि मुलाई हे पहिले जोडपे जिवंत होते. पहिल्या स्त्री-पुरुषांच्या आधी श्वानाला प्राण मिळाला, आणि त्याच्या राखणीमुळे ते एकमेकांना मिळाले. लांडग्याच्या कुळातल्या प्राण्याला प्रेमकथेत इतके मानाचे स्थान क्वचितच कोणी दिले असेल. हिरालाल यांचे नाव आपल्या वाचनयादीत यावे, ते अशा पानांसाठी.

सातपुडा ओलांडून उत्तरेला सागर-नर्मदा मुलखात गेलो की आणखी एक कथा भेटते. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमनने १८४४ सालच्या आपल्या आठवणींत ‘माणूस-वाघां’वर एक प्रकरण लिहिले आहे. एक मुळी खाल्ली की माणूस वाघ होतो, दुसरी खाल्ली की परत माणूस. ही विद्या असलेला एकजण ते रूप घेऊन पाहायचे ठरवतो. उतारा असलेली मुळी तिच्या हातात देतो आणि पहिली खातो. समोर वाघ पाहताच ती भेदरून मुळीसकट पळून जाते. तो रानात जातो, ओळखीपाळखीची माणसे खाऊ लागतो आणि शेवटी मारला जातो. शेपूट नसलेला वाघ म्हणजे असाच अडकून पडलेला माणूस समजावा, असेही स्लीमनला सांगण्यात आले होते. तो हे सारे थोड्या थट्टेच्या सुरात लिहितो. पण कथेतील दुःख त्या थट्टेला पुरून उरते.

बाराव्या शतकात मारी द फ्रान्स हिने लिहिलेली ‘बिस्क्लाव्हरे’ ही पद्यकथा याच्या शेजारी ठेवून पाहावी. सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा होतो. पत्नी लाडीगोडीने त्याचे गुपित काढून घेते, आणि मग भयापोटी दुसऱ्या पुरुषाकरवी त्याने लपवलेली वस्त्रे चोरवते. वस्त्रांवाचून त्याला माणूस होता येत नाही. आमच्या वाघाच्या पत्नीने घाबरून मुळी नेली, तिकडच्या पत्नीने बेत करून वस्त्रे नेली. फ्रेंच कथा स्त्रीला शिक्षा करते. सातपुड्याची कथा कोणालाच दोषी ठरवत नाही. आमची पसंती दुसरीला आहे, कारण भय हा तेथे स्वभावधर्म आहे, गुन्हा नाही.

नवऱ्याच्या भयाची कथाही आपल्याकडे आहे, आणि तिची नायिका निळावंती. निळावंतीच्या पोथीने पशुपक्ष्यांची भाषा कळते, पण वाचणाऱ्याचे बरे होत नाही, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे. पशूंची भाषा जाणणाऱ्या अशा स्त्रीची लोककथा भारतात अनेक रूपांनी सांगतात. त्यांतले एक रूप असे : मध्यरात्री कोल्हा ओरडतो; नदीतून वाहत येणाऱ्या प्रेताच्या अंगावर रत्न आहे, हे तिला त्या ओरडण्यातून कळते. ती घराबाहेर पडते. नवरा लपत मागे जातो. रत्न बांधलेली गाठ ती दातांनी सोडवत असते, आणि त्याला दिसते ते इतकेच की आपली बायको प्रेताला तोंड लावून आहे. तो तिला माहेरी पोहोचवायला निघतो. वाटेत एक कावळा पुरलेल्या धनाविषयी बोलतो. एकदा कोल्ह्याचे ऐकून हे भोगले, आता तुझे कशाला ऐकू, असे ती पुटपुटते, आणि ते शब्द नवऱ्याच्या कानी पडतात.

पौर्णिमा नाही, केस नाहीत, नखे नाहीत. तरी रात्री कोल्हेकुईला ओ देऊन घराबाहेर पडणारी स्त्री आणि मागोमाग जाणारा पती, एवढ्या ऐवजावर ही कथा वेअरवुल्फ-प्रेमकथेला आतून उलटी करते. ती पशू झालेलीच नाही. तिला फक्त पशूचे म्हणणे समजते. पशू करते ती पाहणाऱ्याची नजर. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे ‘निळावंती’ या नावाचे पुस्तक वाचकांना ठाऊक असेलच. वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या अरण्यांत आयुष्य काढलेल्या, मेळघाटातही काम केलेल्या या लेखकाने आदिवासींकडून ऐकलेले ज्ञान आणि स्वतः पाहिलेले रान यांची सांगड घातली. ‘रानवाटा’ आणि ‘चकवाचांदणं’ हे आत्मचरित्र ही आमच्या यादीतली पुढची दोन नावे.

५. म्होरक्याविषयी थोडे

आजच्या वेअरवुल्फ-कथेचा कणा म्हणजे ‘अल्फा’, कळपावर बळाने राज्य करणारा नर. ही कल्पना लोकांत रुजली ती विसाव्या शतकात, बंदिवासातल्या परस्परांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणांतून. ती पसरवण्यात ज्याच्या १९७० सालच्या ग्रंथाचा मोठा वाटा होता, त्या डेव्हिड मीच या अभ्यासकानेच १९९९ साली दाखवून दिले की, मोकळ्या रानातला कळप हे बहुधा एक कुटुंब असते : आई, बाप आणि त्यांची पिल्ले. म्होरक्या म्हणजे तेथे फक्त बाप किंवा आई. आपल्या माळरानांवरचा लांडगाही लहान कुटुंबातच राहतो. हा शोध ध्यानात घेतला तर या साहित्यप्रकाराचा नायक बदलावा लागेल, आणि तो कदाचित पोरांना कवटाळून रडणाऱ्या बाहुकाच्या जवळ जाईल.

अशा नायकाच्या शोधात असलेल्यांनी किप्लिंगची ‘इन द रुख’ (१८९३) ही कथा पाहावी. मोगलीला आपण बालसाहित्यात ठेवले आहे. या कथेत तो तरुण आहे, लांडगे त्याचे भाऊ आहेत आणि तो एका मुलीच्या प्रेमात पडून संसार मांडतो. त्यापुढे अँजेला कार्टरचा ‘द ब्लडी चेंबर’ (१९७९) हा संग्रह. तिच्या लांडग्यांच्या कथेतली मुलगी भिण्याचे नाकारते, आणि तेवढ्याने जुनी परीकथा वेगळीच होऊन बसते.

मराठीत परतायचे तर परतवाड्यात, मेळघाटाच्या पायथ्याशी, १९१६ साली जन्मलेले गो. नी. दांडेकर. ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये त्यांनी वऱ्हाडी बोलीला कादंबरीत आणले, पण आमच्या विषयाला जवळचे ‘जैत रे जैत’. त्यातला नाग्या राणीमाशीशी असा दावा मांडतो, जसा माणूस माणसाशी मांडील, आणि त्याच्या व चिंधीच्या प्रेमावर या दाव्याचे सावट आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा या वाचकाने बहुधा आधीच वाचलेल्या असतात. त्यांत भय मुख्य, प्रीती तिच्या आश्रयाने आलेली, एवढे सांगून पुढे जातो.

६. पिशाचांची भाषा

बृहत्कथेच्या जन्माची हकीकत सोमदेवाने कथासरित्सागरात दिली आहे. गुणाढ्य विंध्याच्या अरण्यात राहून पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहितो. सातवाहन राजा ते पाहतही नाही. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची. तेव्हा गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान वाचतो आणि जाळतो. रानातले पशू चरणे सोडून भोवती बसून ऐकतात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहते. राजाच्या ताटात येणारे मांस सुकलेले निघू लागते, तेव्हा त्याला चौकशी करावीशी वाटते. तो पोहोचतो तोवर एक लक्ष श्लोक उरलेले असतात.

मोबाइलवरील प्रेमकथा म्हणजे बृहत्कथा, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांतले पुष्कळसे लेखन कच्चे आहे. पण दरबाराची सवय मात्र तीच आहे. अमरावतीचे उद्धव शेळके ‘धग’चे (१९६०) लेखक म्हणून आपल्या अभ्यासक्रमात आहेत, आणि असायलाच हवेत, परंतु लेखनावर जगताना त्यांनी मोठ्या संख्येने ज्या लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या, त्या कोणी वाचल्या, का वाचल्या, याचा विचार आपण फारसा केला नाही. वाचकाच्या भुकेविषयी आपल्याला कुतूहल नाही.

आणि येथे काही तरी खरोखरच जळते आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मेळघाट व्याघ्र प्रकल्पातली अनेक कोरकू गावे उठून सपाटीवर, अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला आली. वाघासाठी जागा हवी, हे खरे. पुनर्वसितांना जमीन आणि दवाखाना हवा, हेही खरे. पण कुलाच्या गोष्टी ज्या नाल्याच्या, ज्या दगडाच्या, ज्या पायवाटेच्या नावाने सांगितल्या जात, ती नावे या गावांबरोबर सपाटीवर येत नाहीत. सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांची नातवंडे आमच्याच महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांतली काही वेअरवुल्फ-कथाही वाचत असतील. रसेल-हिरालालनंतर शंभरावर वर्षे लोटली आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांसाठी आमचा क्रम असा : आधी वनपर्वातला बाहुक, मग भागवतातले रुक्मिणीचे पत्र आणि महदंबेचे धवळे, त्यानंतर लीळाचरित्राचा एकांक, हिरालाल, स्लीमन, मारी द फ्रान्स, चितमपल्ली, गो. नी. दांडेकर, कार्टर. शिक्षकांना विनंती एवढीच की, लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी विषय मागायला जो विद्यार्थी येईल, त्याला यंदा जात्यावरच्या ओव्यांऐवजी आपल्या आजीकडून वाघाची एक गोष्ट आणायला सांगावी. ती कोरकूत असेल तर कोरकूतच लिहून घ्यावी, खाली मराठी अर्थ द्यावा, आणि सांगणारीने नाल्याचे जे नाव घेतले असेल ते वगळू नये.